निकाल कोणाचा: वक्त्याचा की विषयाचा?

बारा वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत मी परीक्षक होतो. विषय होता मृत्युदंड रद्द करण्याचा. मी स्वतः रद्द करावा या मताचा, आणि बक्षीस त्याच बाजूला दिले. विरोधी बाजूची एक मुलगी नंतर जवळ येऊन म्हणाली, “सर, मी कमी पडले की माझी बाजू?” मला उत्तर देता आले नाही. तिने समोरच्यांचे मुद्दे एकेक करून खोडले होते, हे मला ऐकतानाच कळले होते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बँकेची नोकरी सांभाळून वाचत आलो. त्या प्रश्नाचा माग काढता काढता पोहोचलो अमेरिकेत. तिथे हार्वर्ड आणि येल यांच्यात १८९२ साली सामना झाला आणि आंतरमहाविद्यालयीन वादविवादाची प्रथा रुळली. निकालाला सहसा तीन प्रतिष्ठित माणसे बसवत: न्यायाधीश, वकील, धर्मोपदेशक. त्यांनी नेमके काय तोलायचे, हे मात्र कुणी ठरवले नव्हते.

हा वाद पेटला १९१५ नंतर, वक्तृत्वाच्या प्राध्यापकांच्या नव्या त्रैमासिकात. ह्यू नील वेल्स यांचे म्हणणे, परीक्षक म्हणजे ज्यूरीतला माणूस. कोणती बाजू सिद्ध झाली एवढेच त्याने सांगावे. न्यायालयात काय वकिलाच्या शैलीला गुण मिळतात? जेम्स ओनील यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते परीक्षक हा समीक्षक; वाद कुणी अधिक चांगला केला ते त्याने पाहावे, प्रश्नाचा निवाडा करू नये. बाजू मुलांनी निवडलेली नसते आणि दोन्ही बाजू सारख्या भक्कम नसतात. मग दुबळी बाजू वाट्याला आली म्हणून मुलाने हरावे का? थिओडोर रूझवेल्ट यांनी तर १९१३ च्या आत्मचरित्रात असल्या नेमून दिलेल्या बाजूंवरच टीका केली होती. मनात नसलेले ठासून बोलायला शिकवणे त्यांना पटत नव्हते.

व्यवहारात ओनील जिंकले. परीक्षक म्हणून हळूहळू वादविवादाचे प्रशिक्षकच बसू लागले. १९४७ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पण जाणकार परीक्षक आला की भाषणही जाणकारापुरतेच उरते, आणि इथे मला वेल्स यांची भीती खरी ठरलेली दिसते. परीक्षक कागदावर उभे रकाने आखून प्रत्येक मुद्दा आणि त्याचे उत्तर टिपतो. उत्तर न मिळालेला मुद्दा बहुधा मान्य झाला असे धरतो. मग मुले मुद्द्यांची संख्या वाढवणार आणि श्वास न घेता बोलणार, यात नवल काय? सामान्य श्रोत्याला ते समजेनासे झाले. १९७१ मध्ये याला कंटाळलेल्यांनी वेगळी संघटना काढली. पुढे तिथेही वेग शिरलाच.

सत्तरच्या दशकात परीक्षक आपली भूमिका आधीच जाहीर करू लागले. कुणी स्वतःला धोरणकर्ता म्हणवी आणि ठरावाचे फायदे-तोटे तोली. कुणी शास्त्रज्ञासारखा ठरावाला गृहीतक मानून पारखी. कुणी म्हणे, मी कोरी पाटी, निकष तुम्हीच पटवून द्या. (कोरी पाटी असलेला परीक्षक मला अजून भेटायचा आहे.) धोरणकर्त्याच्या वेषात वेल्स यांचा ज्यूरीच मागल्या दाराने परत आला, असे माझे मत.

त्या स्पर्धांच्या निकालपत्रात मला एक गोष्ट फार आवडली. विजयी संघ वेगळा लिहायचा आणि प्रत्येक वक्त्याला तीसपैकी गुण वेगळे द्यायचे. त्यामुळे कमी गुणांचा संघही सामना जिंकू शकतो, आणि हरलेल्या संघातला वक्ता त्या फेरीत सर्वोत्तम ठरू शकतो.

माझी त्या दिवशीची गुणपत्रिका अजून फाइलमध्ये आहे. विषयज्ञान, भाषा, उच्चार, आत्मविश्वास, एकूण प्रभाव असे तिच्यावर पाच रकाने आहेत. खंडनाला रकाना नाही.