हिरडी, कीटण आणि पेनिसिलीन

कृष्णाकांठच्या गांवांतून, वाईपासून खालीं सांगली-मिरजेपर्यंत, दांत हलूं लागला म्हणजे वय झालें असें समजण्याची जुनी चाल आहे. हिरडीतून रक्त येतें, सकाळीं तोंडाला वास येतो, दांत लांब झाल्यासारखे दिसतात. परंतु दुखत नाहीं म्हणून घरांत कोणी त्याची विचारपूस करीत नाहीं. आजी-मावशींची मिश्रीची डबी तर या रोगाची जुनी सोबतीण. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड चोळली कीं त्यांना बरें वाटतें. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतें व रोग आंतल्या आंत वाढत राहतो, हें आतां सिद्ध झालें आहे. मिश्रीनेंही तसेंच होत असावें असा आमचा तर्क आहे.

अलीकडे या डबीच्या जोडीला गोळ्या आल्या. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल पांच दिवस घेतलीं कीं सूज उतरते, रक्त थांबतें. कांहीं महिन्यांनीं दुखणें परत येतें आणि पुन्हां त्याच गोळ्या आणल्या जातात. हा क्रम कोठून सुरू झाला, हें पाहण्यासारखें आहे.

सुश्रुतानें दांतांच्या मुळांचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील शीतादाचें वर्णन, म्हणजे कारणावांचून रक्त येणारी, मऊ, काळसर व दुर्गंधीयुक्त हिरडी, आजचा कोणताही दंतवैद्य ओळखील. त्यावर सुंठ, मोहरी, त्रिफळा यांच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या आहेत. पण गुळणीच्या आधीं दूषित रक्त काढावयाचें आहे. दांतांवर दगडासारखें चिकटणाऱ्या कीटणाला त्यानें दंतशर्करा म्हटलें, आणि हिरडीला इजा न होऊं देतां तें खरवडून काढावें असें सांगितलें. त्यासाठीं दंतशंकु नांवाचें हत्यारही त्याच्या यादींत आहे. जंतूंची कल्पना नसतांना हा माणूस हातांत हत्यार घेतो, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

जंतु प्रथम पाहिले ते हॉलंडांतील लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यानें. १६८३ च्या सप्टेंबरांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्याच दांतांवरच्या पांढऱ्या मळांत वळवळणाऱ्या जीवांचें वर्णन केलें. पुढें त्यानें सिरक्यानें तोंड धुऊन पाहिलें, तेव्हां मळाच्या वरच्या बाजूचे जीव तेवढे मेले. आंतल्यांपर्यंत सिरका पोहोंचलाच नाहीं. साऱ्या प्रश्नाचें उत्तर या एका निरीक्षणांत होतें. दांतांवरचे जंतु सुटे पोहत नसतात. स्वतःच्या चिकट द्रव्यांत घर करून ते थरानें राहतात, आणि तो थर मोडल्याखेरीज औषधाचा त्यांच्यावर पुरता अंमल बसत नाहीं.

तरी प्रत्येक पिढीनें औषधाचा मोह धरलाच. १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेंत पायोरिया एका अमीबामुळें होतो असें ठरवून आमांशावरचें एमेटिन रोग्यांना टोंचण्यांत आलें. थोड्याच वर्षांत तें खूळ ओसरलें. १९२८ त फ्लेमिंगनें पेनिसिलीन शोधलें, आणि १९४४ त विलायतेंत पेनिसिलीनच्या चघळण्याच्या वड्या हिरड्यांच्या रोगावर दिल्या जाऊं लागल्या. दुसऱ्याच वर्षीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत फ्लेमिंगनें बजावलें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरणार नाहींत, उलट औषधाला सरावतील. १९६२ त लंडनमध्यें दुसऱ्याच रोगासाठीं मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्या आपोआप बऱ्या झाल्या, व तें औषध दंतवैद्यांच्या हातीं आलें. त्याची अमॉक्सिसिलिनशीं जोडी जमली ती १९८९ त, हॉलंडांतच.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस सरकारी कारखाना निघाला १९५४ त, आणि दुसऱ्या वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. त्यापूर्वीचा काळ कसा होता, हें मिरजेस विचारावें. डॉ. वॉनलेस १८८९ त सांगलीस आले, १८९४ त त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें आणि जवळजवळ चार दशकें शस्त्रक्रिया केल्या. १९३३ त ते वारले तोंवर पेनिसिलीन कोणत्याही रुग्णालयांत नव्हतें. जखम चिघळली तर स्वच्छता आणि रोग्याचें नशीब, एवढ्यावरच सारें होतें.

तेंच नशीब परत येण्याची भीति आहे. लहान मुलाच्या न्युमोनियावर पहिलें औषध म्हणून अमॉक्सिसिलिनच दिलें जातें. तोंडांतील जंतु प्रतिकाराचे गुण एकमेकांस देतात, तेव्हां आजीच्या हिरडीसाठीं वारंवार घेतलेल्या गोळीची किंमत नातवाला द्यावी लागण्याचा संभव आहे. २०१४ त सरकारनें कांहीं औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणें दुकानदारांस भाग पाडलें; त्या यादींत अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल नव्हतीं.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागांत या गोष्टीला आणखी एक फांटा आहे. १९७९ पासून हिरडीच्या खळग्यांत टेट्रासायक्लीन भरलेले तंतू बसविण्याचे प्रयोग झाले. तेंच टेट्रासायक्लीन स्ट्रेप्टोमायसिनमध्यें मिसळून, पिंपरीच्याच कारखान्याचें 'स्ट्रेप्टोसायक्लीन' म्हणून, डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारलें गेलें. आटपाडी आणि जतकडचे बागायतदार तें नांव चांगलें ओळखतात. डिसेंबर २०२१ त केंद्र सरकारनें शेतींतील हा वापर बंद करण्याचा मसुदा काढला. शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाहीं. तेल्यानें बाग जाते, आणि बागेवर कर्ज असतें.

हिरडीच्या बाबतींत मात्र अशी अडचण नाहीं. युरोपांतील हिरडीतज्ज्ञांच्या महासंघानें २०२० त स्पष्ट सांगितलें कीं, खरवडण्याच्या जोडीला प्रतिजैविकें सरसकट देऊं नयेत. तरुणपणींच झपाट्यानें वाढलेला रोग अशा निवडक प्रसंगींच त्यांचा विचार करावा. कराड आणि सांगली येथें आतां दंतमहाविद्यालयें आहेत, आणि हें काम तेथें होतें. अडतें तें एका समजुतीपाशीं: दांत साफ करून घेतले कीं ढिले होतात. आमच्या घरांतील एक वडील बाई याच भीतीनें चार वर्षें गोळ्यांवर राहिल्या. खालचे पुढचे चार दांत गेल्यावर त्या दंतवैद्याकडे गेल्या, तेव्हां त्यानें आरशांत उरलेले दांत दाखविले. दांत आधींच हलत होते. कीटणाच्या लिंपणानें ते एकमेकांस बांधलेले होते, इतकेंच. बाईंनीं बराच वेळ आरसा हातांत धरला, आणि मग "काढा" म्हणाल्या.