अंधारांतील विमानें

वस्तुसंग्रहालय म्हटलें म्हणजे कांचेचीं कपाटें, त्यांत मांडलेलीं नाणीं व शस्त्रें, आणि प्रत्येक वस्तूखालीं तिची हकीकत सांगणारी चिठ्ठी, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. गोव्यांत दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, भारतीय नौदलानें १९९८ सालच्या ऑक्टोबरांत जें विमान-संग्रहालय उघडलें, त्याचें स्वरूप निराळें आहे. तेथें इमारतींत दालनें आहेतच. परंतु मुख्य वस्तू इतक्या अवाढव्य कीं त्या उघड्या मैदानांतच मांडाव्या लागल्या. खानदेशांतील प्रवाशास ही जागा वाटते तितकी परकी नाहीं. जळगांव-भुसावळवरून जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसचें दक्षिणेकडील अखेरचें स्थानक, वास्को, तेथून अगदीं जवळ आहे.

संग्रहालयांत प्रवेश दिवसाच मिळतो. पण मैदानाला छप्पर नसल्यामुळें सूर्य मावळल्यावरही त्या आकृति बाहेरून ओळखूं येतात. अंधार पडला कीं पाट्या वाचतां येत नाहींत, उडालेला रंग दिसत नाहीं, आणि उरतो तो केवळ आकार. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील बुद्धमूर्तीवर एका बाजूनें दिवा धरला कीं तिची मुद्राच पालटल्यासारखी वाटते, हें जळगांवकरांस सांगावयास नको. उजेडाचें प्रमाण बदललें म्हणजे तीच वस्तु निराळें कांहीं सांगूं लागते.

या मैदानांतील सर्वांत मोठी आकृति ‘सूपर कॉन्स्टेलेशन’ या विमानाची. माशासारखी बांकदार पाठ आणि एकाऐवजीं तीन शेपट्या, यांवरून तें काळोखांतही ओळखावें. एकच शेपटी केली असती तर ती फार उंच होऊन त्या काळच्या विमानगृहांत मावली नसती, म्हणून ही त्रिविध योजना. एअर इंडियाच्या ताफ्यांत या विमानाचें नांव ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे वेरूळची राणी, असें होतें. त्या काळीं समुद्र ओलांडतांना विमानांतील मार्गदर्शक रात्रीं तारे पाहून आपलें स्थान निश्चित करीत. पुढें जेट विमानें आलीं. १९६२ सालीं एअर इंडियाचा सर्व ताफा जेट विमानांचा झाला, आणि ही राणी प्रथम वायुदलाच्या व १९७६ सालीं नौदलाच्या सेवेंत रुजू झाली.

याच कुळांतील दुसऱ्या एका विमानाची कथा दाबोळीच्या धांवपट्टीशीं निगडित आहे. १९६१ च्या डिसेंबरची १८ तारीख. सकाळीं भारतीय वायुदलाच्या बारा कॅनबेरा विमानांनीं पोर्तुगीजांची ही धांवपट्टी उखडून टाकली. मात्र तेथें उभीं असलेलीं दोन प्रवासी विमानें, एक कॉन्स्टेलेशन व एक डग्लस, शाबूत राहिलीं. दिवसभरांत धांवपट्टीची जेमतेम डागडुजी झाली, आणि रात्रीच्या अंधाराचा फायदा घेऊन तीं दोन्ही विमानें निसटलीं. दुसऱ्या दिवशीं, १९ तारखेच्या रात्रीं साडेआठ वाजतां, पोर्तुगीज गव्हर्नर-जनरलनें शरणागतीच्या पत्रावर सही केली. १५१० सालीं गोव्यांत आलेली सत्ता अशा रीतीनें संपली.

मैदानांतील आणखी दोन विमानें शेजारीं शेजारीं आठवावयास हवींत. एक ‘सी हॉक’, एकच वैमानिक नेणारें चपळ जेट. दुसरें ‘आलिझे’, तीन माणसांचें, पंख्यावर चालणारें, संथ. आलिझे हें फ्रेंच भाषेंत व्यापारी वाऱ्यांचें नांव होय. पाणबुड्या हुडकण्यासाठीं हें विमान बांधलें होतें. दोन्ही ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडत. १९७१ च्या युद्धांत ४ डिसेंबर रोजीं सी हॉक विमानांनीं कॉक्स बझारवर हल्ला केला. परंतु सी हॉकचें सामर्थ्य दिवसापुरतें होतें. रात्र झाली म्हणजे शत्रूला उसंत मिळूं नये, म्हणून हीं संथ आलिझे विमानें बाँब घेऊन निघत. परत येतांना काळ्या समुद्रावर सुमारें ७०० फूट लांबीचें जहाज शोधावयाचें, आणि शेपटाखालील आंकडा तारेंत अडकवून थांबावयाचें. ज्या विमानाकडे दिवसा कोणी दोनदां वळून पाहणार नाहीं, त्यानेंच रात्रीचें काम पत्करलें होतें.

आतां ‘विक्रांत’ राहिलेली नाहीं. १९९७ सालीं ती सेवेंतून निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ सालीं तें बंद पडलें आणि २०१४ सालीं ती मोडीत निघाली. तिच्यावरून उडणारीं विमानें मात्र दाबोळीस उघड्यावर पाऊस आणि समुद्राचा खारा वारा सोशीत उभीं आहेत. अजिंठ्याचा कातळ शतकें टिकला. विमानाचा पत्रा हलका असावा म्हणूनच पातळ केलेला असतो, आणि ज्या गुणामुळें तें उडतें त्याच गुणामुळें तें लवकर झिजतें. दगडाला केवळ पाहणारे पुरतात. या पत्र्याला नित्य जपणारे हात हवेत.