जहाजफुटीची चित्रे, यूरोपीय

वादळात सापडलेली, खडकावर आपटलेली वा बुडणारी जहाजे आणि त्यांवरील माणसे यांची चित्रे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये हा विषय बहरला. देशाची कमाई समुद्रावर होती, तेव्हा जहाज फुटणे म्हणजे काय हे चित्र विकत घेणाऱ्याला सांगावे लागत नसे. लूडॉल्फ बाकहाउझेन (१६३०–१७०८) खवळलेला समुद्र पाहायला होडीतून जाई, असे हाउब्राकेन हा चरित्रकार नोंदवतो. व्हिलेम व्हान दे व्हेल्दे (धाकटा) १६७२ च्या सुमारास इंग्लंडला गेला आणि ही परंपरा तिथे रुजली.

फ्रान्समध्ये क्लोद-जोझेफ व्हेर्ने (१७१४–८९) याच्या वादळचित्रांची लेखक दीद्रो याने मनापासून स्तुती केली. वादळ न्याहाळण्यासाठी व्हेर्नेने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतल्याचा प्रसंग त्याच्या नातवाने १८२२ मध्ये रंगवला. इंग्रज चित्रकार टर्नर याच्याविषयीही अशीच कथा आहे. दोन्ही जपूनच घ्याव्यात.

तेओदोर जेरिको (१७९१–१८२४) याचे ‘मेद्यूझचा तराफा’ (१८१८–१९, लूव्र, पॅरिस) हे या प्रकारातील सर्वश्रेष्ठ चित्र. मेद्यूझ ही फ्रेंच युद्धनौका २ जुलै १८१६ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतली. होड्या अपुऱ्या असल्याने सुमारे १४७ जणांना तराफ्यावर चढवले गेले आणि पुढे ओढणाऱ्या होड्यांनी दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी १५ जण जिवंत सापडले. जेरिकोने यातले काही पाहिले नव्हते. त्याने विचारून घेतले. वाचलेल्यांपैकी कोरेआर आणि साविन्यी यांना तो भेटला, तराफ्यावरच्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, रुग्णालयातून आणलेल्या मृत अवयवांचे अभ्यास केले. बंड, नरमांसभक्षण, सुटका असे प्रसंग रेखाटून पाहिल्यावर त्याने निवडला तो आर्ग्यूस हे जहाज दूरवर दिसल्याचा क्षण. उजवीकडे क्षितिजावर ते जेमतेम ठिपक्याएवढे आहे. माणसे एकमेकांच्या अंगावर चढून फडकी हलवताहेत. वाऱ्याने फुगलेले शीड मात्र तराफा उलट दिशेला नेत आहे. हे शीड आधी पाहावे, मग माणसे. १८१९ च्या सालों या चित्रप्रदर्शनात चित्राला ‘जहाजफुटीचे दृश्य’ एवढेच मोघम नाव होते. आकार ४९१ × ७१६ सेंमी. रंग आता बरेच काळवंडले आहेत.

या प्रकारातील आणखी काही चित्रे अशी. टर्नर : ‘द शिपरेक’ (१८०५, टेट, लंडन).

आयवाझोव्हस्की : ‘नववी लाट’ (१८५०, सेंट पीटर्सबर्ग). तुटलेल्या डोलकाठीला बिलगलेली माणसे, समोर उगवता सूर्य.

कास्पार डाव्हिड फ्रीडरिख : ‘बर्फाचा समुद्र’ (१८२३–२४, हँबर्ग). ध्रुवप्रदेश त्याने पाहिला नव्हता. बर्फाच्या लाद्यांचा अभ्यास एल्बे नदीवर केला. चिरडलेल्या जहाजाचा थोडा भाग तेवढा दिसतो, माणूस एकही नाही. त्याच्या हयातीत हे चित्र विकले गेले नाही.