शेवाळातले साक्षीदार

आंबिवलीला समुद्र नाही. पण मोहन्यावरून वाहणारी उल्हास नदी पुढे वालधुनीचं आणि कल्याण-डोंबिवलीचं सांडपाणी पोटात घेऊन वसईच्या खाडीत उतरते, तेव्हा आपल्या वापराचं पाणी दर्यालाच मिळतं. ते किनाऱ्याचं काय करतं, हे तिथल्या जिवांवरून ओळखता येतं. या रीतीचा उगम मात्र समुद्रावरचा नाही. ती सांडपाण्याच्या नद्यांवर जन्मली.

1902 साली कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी कोणत्या पाण्यात कोणते जीव तगतात त्यावरून नदीची प्रत ठरवायला घेतली. 1908 मध्ये त्यांनी वनस्पतींची यादी छापली, 1909 मध्ये प्राण्यांची. बाटलीतला नमुना फक्त त्या घटकेचं पाणी सांगतो. रात्री सोडलेलं रसायन सकाळपर्यंत वाहून जातं, पण मेलेले जीव काही सकाळपर्यंत परत येत नाहीत.

समुद्रावर या रीतीला वजन आलं ते तेलाच्या अपघातांनी. 16 मार्च 1978 रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर ‘अमोको कॅडिझ’ हे जहाज खडकावर चढलं आणि दोन लाख टनांहून जास्त तेल सांडलं. मोर्लेच्या उपसागरात तळाच्या वाळूत दाटीनं राहणारे अँपेलिस्का हे कोळंबीचे इवले भाऊबंद जवळजवळ नाहीसे झाले. त्यांची वस्ती पुन्हा भरायला दहा वर्षंही पुरली नाहीत.

इतका वेळ का लागला, हे त्यांच्या शेवाळातल्या नातलगांकडे पाहिलं की कळतं. समुद्री शेवाळाची मूठभर जुडी पांढऱ्या ताटलीत खाऱ्या पाण्यात झटकावी. दोऱ्यासारखा बारीक कॅप्रेला मागच्या पायांनी फांदी धरून पुढचं अंग डोलवताना दिसतो. मादीच्या छातीखाली पिशवी असते. अंडी तिच्यातच फुटतात आणि बाहेर येतात ती थेट लहानगी पिल्लं. प्रवाहाबरोबर दूर जाणारी डिंभावस्था कॅप्रेलाला नाही, तशी अँपेलिस्कालाही नाहीच. त्यामुळे एक जागा उजाड झाली की लांबून नवी पिढी सहजी येत नाही. शिवाय पूर्वी जहाजांच्या रंगात असलेलं ट्रायब्युटिलटिन हे विषारी रसायन कॅप्रेलांच्या अंगात साचतं, हे जपानी संशोधकांनी दाखवलं. 2001 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी उत्तर आफ्रिकेतल्या सेउटाच्या किनाऱ्यावर कॅप्रेलांच्या जातींची वाटणीच पर्यावरणावरच्या ताणाची खूण म्हणून वापरली. म्हणून नुसती डोकी मोजून भागत नाही, जात ओळखावी लागते.

आपल्याकडे आणखी एक पथ्य आहे. पावसाळ्यात गोडं पाणी किनाऱ्याचा खारेपणा उतरवतं आणि शेवाळही पुढे हिवाळ्याकडे भरात येतं. तेव्हा जानेवारीची तुलना जानेवारीशीच करावी, जुलैशी नाही.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं. अशा दिवशी आधीची नोंद हाताशी नसेल, तर काय गमावलं ते सांगणार कशावरून? वसई खाडीच्या मुखाजवळच्या खडकांवर, पाण्याच्या बाटल्यांबरोबर दर हिवाळ्यात शेवाळाची एक जुडीही तपासली जावी. आपल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी हे काम यंदापासूनच हाती घ्यावं.