बाटलीतले आश्वासन: इंजिन ऑइल आणि ॲडिटिव्हचा इतिहास

१/५ मोटारीच्या इंजिन ऑइलमध्ये वरून आणखी एखादे ॲडिटिव्ह ओतावे का? प्रश्न गॅरेजमधला असला, तरी त्याच्या उत्तराला इतिहास आहे.

२/५ आरंभीची इंजिने निव्वळ खनिज तेलावर चालत. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांत चिकट थर साचून पिस्टनच्या रिंगा जखडू लागल्या. तेव्हा तेल कंपन्यांनी हा मळ धुऊन काढणारी रसायने तेलातच मिसळली. ॲडिटिव्हची गरज खरी होती.

३/५ पुढे झीज, गंज आणि फेस रोखणारी रसायनेही आली. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तेलांचे रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी असे वर्ग पाडले. ॲडिटिव्ह आता कारखान्यातच, मोजून-मापून पडू लागले.

४/५ तरीही वेगळ्या बाटलीचा धंदा फोफावला. १९५४ मध्ये स्थापन झालेली एसटीपी शर्यतीच्या गाड्यांमुळे घरोघरी पोहोचली. १९७८ मध्ये मात्र जाहिरातींतील दाव्यांपायी तिला ५ लाख डॉलर दंड भरावा लागला. १९९७ मध्ये ‘स्लिक ५०’च्या उत्पादकांनीही असे निराधार दावे थांबवण्याचे फेडरल ट्रेड कमिशनपुढे मान्य केले.

५/५ इंजिनाच्या आत काय घडते, हे वाहनमालकाला दिसत नाही. त्या अंधारातच जाहिरात खपते. तयार तेलातील रसायनांचा समतोल चाचण्यांतून साधलेला असतो. वरून पडलेली भर तो बिघडवू शकते. म्हणूनच पुराव्याचे ओझे बाटली विकणाऱ्याने वाहावे. तोवर वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल, वेळेवर बदललेले, पुरेसे आहे.