एक तार, दोन कंपन्या

वीज कोणाकडून घ्यायची हे मुंबईच्या उपनगरांत ज्याचं त्याला ठरवता येतं, असं सांगितलं की आमच्या पुण्या-साताऱ्याच्या नातेवाईकांना नवल वाटतं. त्यांच्याकडे महावितरण, विषय संपला. मुंबईतही मुलुंड-भांडुपला तेच. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत मात्र निवड आहे, आणि तिचं मूळ एका कोर्टातल्या भांडणात आहे.

टाटांची वीज मुंबईला नवी नाही. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि त्या विजेवर गिरण्या चालू लागल्या. उपनगरांत घरोघरी वीज पोचवायची ती मात्र १९२९ साली स्थापन झालेल्या बी.एस.ई.एस.ने. टाटांनी घाऊक वीज द्यायची, हिने ती किरकोळीत विकायची, असं वर्षानुवर्षं चाललं.

२००३ साली बी.एस.ई.एस. रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि नवा वीज कायदाही आला. टाटांना घरगुती ग्राहकांना थेट वीज विकता येते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. ८ जुलै २००८ ला निकाल लागला: येते. पण उपनगरांत तारा होत्या रिलायन्सच्या. मग ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने तोड काढली. तार रिलायन्सची, वीज टाटांची, आणि तार वापरल्याबद्दल ग्राहकाने वहन आकार द्यायचा. टाटांचे दर तेव्हा कमी होते. लोकांनी भराभर अर्ज केले.

इथे खरी अडचण सुरू झाली. आपल्याकडे जास्त युनिट जाळणारा चढा दर देतो आणि त्यातून गरिबाच्या पहिल्या शंभर युनिटांचा भार हलका होतो. मोठे ग्राहक निघून गेले तर मागे राहिलेल्या चाळीतल्या माणसाचं बिल कोणी सावरायचं? म्हणून २०११ मध्ये आयोगाने कंपनी बदलणाऱ्यांवर अधिभार बसवला. ऑगस्ट २०१२ मध्ये तर टाटांनी काही काळ ३०० युनिटांपर्यंतचेच घरगुती ग्राहक घ्यावेत, असं बंधन घातलं. बदलणाऱ्यांना हे जाचक वाटलं. मला त्यात न्याय दिसतो. माझी बचत शेजारच्या वस्तीतल्या बिलावर चढणार असेल, तर तिला बचत कसं म्हणायचं?

२०१८ मध्ये रिलायन्सचा हा व्यवसाय अदानींकडे गेला. निवड अजून आहे, पण स्वस्त कोण याचं उत्तर कायमचं नाही. आयोगाचा नवा दर-आदेश आला की पारडं फिरू शकतं, आणि एकाच इमारतीत दोन घरांसाठी उत्तर वेगळं निघू शकतं. म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: नुसता युनिटचा दर पाहू नका. वर्षभराची बिलं काढा, कारण मे महिन्याचं बिल आणि जानेवारीचं बिल यांत फार अंतर असतं. प्रत्येक महिन्याचे युनिट दोन्ही कंपन्यांच्या टप्प्यांत बसवा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि अधिभार असल्यास तोही मिळवा, मग वीज शुल्क. बारा महिन्यांच्या दोन बेरजा शेजारी शेजारी मांडल्या की कंपनी बदलायची की नाही ते कळतं. सातवीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. सुट्टीत नातवंडांना द्यायला हरकत नाही.