गवारीचा डिंक : घशात फास, डोळ्यात दिलासा

ताटात गवारीची भाजी दिसली की अनेक जण नाक मुरडतात. या साध्या शेंगेच्या बियांनी कोणाचा जीव घेतला आहे, आणि कोरड्या डोळ्यांना आरामही दिला आहे. आजचा धागा त्याविषयी.

आधी एक खुलासा. डिंक म्हटले की आपल्याला बाभळीच्या खोडावरचा पाझर आठवतो. गवारीचा डिंक मात्र बीच्या आत, रोपाच्या पोषणासाठी साठवलेला असतो. मॅनोज या शर्करेची लांब साखळी आणि तिला गॅलॅक्टोजचे फाटे, अशी त्याची रचना. पाणी लागताच तो फुगतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतील कागद गिरण्या भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक वापरत. (हिऱ्याच्या वजनाचा ‘कॅरट’ हा शब्दही त्याच बीवरून आला.) युद्धात हा पुरवठा आटला. पर्याय म्हणून गवार पुढे आली. १९०३ मध्येच ती भारतातून अमेरिकेत पोहोचली होती. तिच्या डिंकाचा उद्योग मात्र युद्धानंतर उभा राहिला.

मग ‘नैसर्गिक’ या शब्दाची भुरळ पडली. पोटात फुगून भूक मारणाऱ्या ‘कॅल-बॅन ३०००’ या गोळ्या तिथे वजन घटवण्यासाठी विकल्या गेल्या. त्यांतील कच्चा डिंक पोटापर्यंत पोहोचण्याची वाट कशाला पाहील? काहींच्या अन्ननलिकेतच तो फुगून अडकला. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, किमान एक मृत्यू झाला आणि १९९० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने त्या गोळ्यांविरुद्ध कारवाई केली.

दोष फुगण्याचा नव्हता. कोठे आणि केव्हा फुगावे, यावर ताबा नव्हता.

रसायनशास्त्राने हाच ताबा मिळवला. अल्कलीच्या सान्निध्यात डिंकाची प्रॉपिलीन ऑक्साइडशी अभिक्रिया केली की साखळीवर हायड्रॉक्सीप्रॉपिल गट बसतात. साखळ्या एकमेकींना पूर्वीसारख्या बिलगत नाहीत, द्रावण अधिक नितळ होते. शिवाय बोरेट मिसळले, तर सामू वाढताच साखळ्या परस्परांत गुंफल्या जातात. तेलविहिरींवरील अभियंते खडक फोडण्यासाठी हीच जोडी वापरत होते. औषधशास्त्राने ती तेथून उचलली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

‘सिस्टेन’ या नेत्रथेंबांत ती आहे. बाटलीत द्रव पातळ राहतो. अश्रूंचा सामू किंचित अधिक असल्याने डोळ्यात पडल्यावर त्याची मऊ जेल होते आणि ओलावा बुबुळावर टिकून राहतो.